दोन घरचा पाहुणा

रोमच्या कलोझियममधील भग्न कमानींखाली दोन योद्धे समोरासमोर उभे आहेत. एक चिनी, दुसरा अमेरिकन. बाजूला एक मांजराचे पिलू आपल्याच नादात खेळत आहे. १९७२ साली निघालेल्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ या चित्रपटातील ब्रूस ली आणि चक नॉरिस यांचे हे द्वंद्व जगभरच्या रसिकांना पाठ आहे. या चित्रपटाचा छायालेखक जपानी होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. इटलीची पार्श्वभूमी, अमेरिकन प्रतिस्पर्धी आणि जपानी छायालेखक एवढे साहित्य एकत्र पाहिल्यावर हा चित्रपट तीन-चार राष्ट्रांनी मिळून निर्माण केला असावा, असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो सर्वस्वी हाँगकाँगचा आहे. भांडवल हाँगकाँगचे, निर्मितिसंस्था हाँगकाँगच्या आणि चित्रपटावरील हक्कही त्यांचेच.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. १९७१ साली काट्सु शिन्तारो या लोकप्रिय नटाचा एक चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. झातोइची नावाचा एक आंधळा अंगमर्दक गावोगाव भटकतो, जुगार खेळतो आणि प्रसंग पडला म्हणजे काठीत लपविलेल्या तलवारीने दुष्टांचा समाचार घेतो, अशी ही दीर्घ मालिका. या चित्रपटातही जपानी खेडी आहेत, जपानी पोशाख आहेत, जपानी गुंड आहेत. परदेशी म्हणावा असा एकच प्रमुख नट आहे, तो म्हणजे हाँगकाँगचा जिमी वाँग यू. असे असूनही हा चित्रपट दोन देशांच्या खऱ्याखुऱ्या भागीदारीतून जन्मला. काट्सु यांची स्वतःची निर्मितिसंस्था आणि हाँगकाँगची तेव्हा नवी असलेली ‘गोल्डन हार्वेस्ट’ या दोघींचे ते अपत्य होते.

वरवरच्या खुणांवरून चित्रपटाचे कुळ ओळखू गेले म्हणजे अशी फसगत होते. पूर्वेकडील जुन्या युद्धकलापटांच्या बाबतीत तर ती नित्याचीच आहे. आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘कराटेचे चित्रपट’ म्हटले जाते, ते आज घरोघरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पुन्हा दिसू लागले आहेत. नव्या पिढीतील मुले ते आवडीने पाहतात आणि त्यांच्या याद्याही करतात. या याद्यांतून ‘हाँगकाँग-अमेरिका’, ‘हाँगकाँग-कोरिया’ अशी जोडनावे मोकळ्या हाताने लावलेली आढळतात. त्यांतील कितीतरी चुकीची असतात, आणि जेथे जोडनाव हवे तेथे ते नसते.

सहनिर्मिती कशास म्हणावे? परदेशात जाऊन चित्रण केल्याने चित्रपट परदेशाचा भागीदार होत नाही. जॅकी चॅन याच्या ‘द मिथ’ या २००५ सालच्या चित्रपटात हंपीचे अवशेष दिसतात, म्हणून तो चित्रपट कानडी होत नाही. परदेशी तंत्रज्ञ बोलावल्यानेही भागीदारी सिद्ध होत नाही. ‘शोले’मधील धाडसी दृश्यांसाठी ब्रिटिश तज्ज्ञ आले होते, पण तो इंग्लंडचा चित्रपट आहे असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती १९३३ साली जर्मनीत तयार करविण्यात आल्या, परंतु चित्रपट प्रभातचाच राहिला. भांडवल कोणी घातले, धोका कोणी पत्करला आणि तयार झालेला चित्रपट कोणत्या मुलखात विकण्याचा हक्क कोणाकडे राहिला, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे उत्तर पुष्कळदा सापडते.

हा भेद भारतीय वाचकाला नवा नाही. हिमांशु राय यांनी १९२५ साली काढलेला ‘प्रेम संन्यास’ हा बुद्धचरित्रावरील मूकपट म्युनिचच्या ‘एमेल्का’ या संस्थेबरोबर भागीदारीत निघाला होता. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन होते. पुढे हेच ऑस्टेन मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरीस आले आणि त्यांनी १९३६ साली ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित केला. तोच दिग्दर्शक, तेच निर्माते, परंतु पहिला चित्रपट दोन देशांचा आणि दुसरा निव्वळ भारताचा. १९५७ सालचा ‘परदेसी’ पाहा. ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन असे दोन दिग्दर्शक, मुंबईची आणि मॉस्कोची अशा दोन संस्था, आणि दोन देशांसाठी दोन आवृत्त्या. दोन दिग्दर्शक आणि दोन आवृत्त्या ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. पूर्वेकडे वळल्यावर ती आपल्याला वारंवार भेटणार आहे.

जपान आणि हाँगकाँग

पूर्व आशियातील या देवघेवीचा प्रारंभ तलवारीने झाला नाही, तो झाला राजवाड्यातील एका करुण कथेने. जपानच्या दाएइ कंपनीचे प्रमुख नागाता मासाइची हे मोठे महत्त्वाकांक्षी गृहस्थ होते. ‘राशोमोन’ला व्हेनिसमध्ये मिळालेल्या यशानंतर त्यांनी आशियातील निर्मात्यांना एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९५४ साली टोकियोत या निर्मात्यांचा पहिला चित्रपटमहोत्सव भरला. त्याच ओळखीतून १९५५ साली मिझोगुची केन्जी यांचा ‘योकिही’ हा रंगीत चित्रपट निघाला. त्यात दाएइच्या जोडीला हाँगकाँगचे शॉ बंधू होते. कथा चीनच्या थांग राजवंशातील, नटनट्या जपानी. पुढल्याच वर्षी तोहो कंपनीनेही शॉ बंधूंच्या सहकार्याने पांढऱ्या नागिणीची चिनी लोककथा पडद्यावर आणली.

शॉ बंधूंना जपानकडून पैशापेक्षा अधिक काही हवे होते. रंगीत चित्रण आणि रुंद पडदा या दोन्ही विद्या त्या वेळी जपानी तंत्रज्ञांना उत्तम अवगत होत्या. म्हणून शॉ बंधूंनी निशिमोतो तादाशी या छायालेखकाला हाँगकाँगला बोलावून घेतले. लेखाच्या आरंभी ज्या जपानी छायालेखकाचा उल्लेख केला, तो हाच. परंतु श्रेयनामावलीत त्याचे नाव शोधू गेलात तर पुष्कळ ठिकाणी ते सापडणार नाही. तेथे ‘हो लान-शान’ असे चिनी नाव दिसेल. जपानी लष्कराने डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ पर्यंत हाँगकाँगवर राज्य केले होते. त्या दिवसांच्या जखमा ताज्या असताना पडद्यावर जपानी नाव झळकणे व्यापाराच्या दृष्टीने सोयीचे नव्हते. किंग हू यांचा १९६६ सालचा ‘कम ड्रिंक विथ मी’ हा चित्रपट आधुनिक वुशिया चित्रपटांचा, म्हणजे तलवारबाज वीरांच्या कथांचा, एक मानदंड मानला जातो. त्यातील पथिकाश्रमाच्या दृश्यांतला तो उबदार प्रकाश आणि रुंद पडद्यावरील ती डौलदार मांडणी टिपणारा डोळा या ‘हो लान-शान’चाच होता.

नाकाहिरा को हे जपानचे नावाजलेले दिग्दर्शक. त्यांनी शॉ बंधूंसाठी काही चित्रपट केले, तेव्हा तेही ‘यांग शू-शी’ झाले. मग हे चित्रपट सहनिर्मिती होत का? माझ्या मते नाहीत. हे सारे जण पगारी नोकर किंवा कंत्राटी कलावंत म्हणून आले होते. चित्रपटावर जपानी संस्थेचा हक्क नव्हता. परंतु या माणसांचे श्रम परक्या नावाखाली गाडले गेले आणि वर्षानुवर्षे कोणास त्याचा पत्ता नव्हता, हेही तितकेच खरे आहे. चित्रपट हाँगकाँगचाच म्हणावा. पण छायालेखकाचे नाव मात्र निशिमोतो असे लिहावे. न्याय दोघांनाही मिळाला पाहिजे.

साम्य दिसले की भागीदारी असली पाहिजे, असाही एक समज आढळतो. चाँग चेह यांचा १९६६ सालचा ‘द मॅग्निफिसंट ट्रायो’ हा गोशा हिदेओ यांच्या ‘थ्री आउटलॉ सामुराइ’ या जपानी चित्रपटाच्या कथेवर बेतलेला आहे. कथा उचलणे निराळे आणि संसार मांडणे निराळे. तसेच ‘फिस्ट ऑफ फ्यूरी’ या १९७२ सालच्या चित्रपटातील खलनायकाचे काम हाशिमोतो रिकी या जपानी नटाने केले, परंतु तो चित्रपट जपानच्या वाट्याला जात नाही. गंमत अशी, की जपानी अरेरावीविरुद्ध पेटून उठलेल्या चिनी तरुणाची ती कथा आहे. तिच्यात जपानचे भांडवल असते, तर कथा तशी राहिली असती का, याचा वाचकांनीच विचार करावा.

एकच अक्षर, दोन उच्चार

कोरियाकडे वळल्यावर नावांचा घोळ आणखी वाढतो, आणि येथे कोणी काही लपविलेलेही नसते. चिनी लिपीतील तीच अक्षरे कोरियन माणूस एका प्रकारे वाचतो, मँडारिन बोलणारा दुसऱ्या प्रकारे. कोरियाचे दिग्दर्शक चुंग चाँग-ह्वा १९६०च्या दशकाच्या अखेरीस शॉ बंधूंकडे आले. त्यांचे नाव त्याच अक्षरांत छापले गेले, पण ते ‘चेंग चाँग-हो’ असे वाचले गेले. १९७२ साली त्यांनी ‘किंग बॉक्सर’ काढला. अमेरिकेत तो ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने १९७३ साली आला आणि तेथील कुंगफूच्या लाटेचा आरंभ त्याने केला. तो पाहणाऱ्या लाखो अमेरिकनांना दिग्दर्शक कोरियन आहे याची कल्पनाही नव्हती.

या एका चित्रपटावरून आणखी एक धडा घेता येतो. ‘किंग बॉक्सर’च्या अमेरिकन प्रतीवर वॉर्नर ब्रदर्सचे नाव आहे. त्याच वर्षी आलेल्या ‘एंटर द ड्रॅगन’वरही वॉर्नरचेच नाव आहे. दोन्हींत हाँगकाँग, दोन्हींत हाणामाऱ्या, दोन्हींत तीच ढाल. परंतु पहिला चित्रपट वॉर्नरने तयार स्थितीत घेऊन केवळ वितरित केला. बाजारातून शिवलेला सदरा आणावा, तसा. दुसऱ्याचे कापड, माप आणि शिलाई यांत वॉर्नरचा प्रारंभापासून वाटा होता. ब्रूस ली आणि रेमंड चाओ यांची ‘कॉनकॉर्ड’ ही संस्था एका बाजूस, वॉर्नर आणि अमेरिकन निर्माते दुसऱ्या बाजूस, आणि दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउस. खर्च सुमारे साडेआठ लाख डॉलर. हॉलिवुडच्या मानाने ती किरकोळ रक्कम होती. तेव्हा पडद्यावरील पहिले बोधचिन्ह पाहून निर्णय देऊ नये. ते चिन्ह निर्मात्याचे आहे की दुकानदाराचे, हे आधी पाहावे.

कोरिया आणि हाँगकाँग यांची भागीदारी बरीच जुनी. १९६४ सालचा ‘द लास्ट वुमन ऑफ शांग’ हा भव्य ऐतिहासिक चित्रपट शॉ बंधू आणि कोरियाची शिन फिल्म्स यांनी मिळून काढला. नायिका हाँगकाँगची लिंडा लिन दाइ, नायक कोरियाचा शिन यंग-ग्यून. हाँगकाँगच्या नामावलीत दिग्दर्शक म्हणून युएह फेंग यांचे नाव आहे, तर कोरियात तेथील दिग्दर्शकाचे. ‘परदेसी’ची खूण वाचकांना आठवेल. या सौद्यात दोघांचाही लाभ होता. हाँगकाँग हे दाटीवाटीचे उष्ण बेट. तेथे हिमाच्छादित डोंगर कोठून आणणार? कोरियात मैदाने होती, जुने राजवाडे होते, मठ होते आणि हिवाळ्यात बर्फही फुकट होता. कोरियन निर्मात्यांना रंगीत चित्रणाची साधने आणि आग्नेय आशियातील शॉ बंधूंच्या चित्रगृहांचे दार हवे होते.

परंतु सगळेच सौदे इतके सरळ नव्हते. १९६० आणि १९७०च्या दशकांत कोरियन सरकारने परदेशी चित्रपटांच्या आयातीवर कडक मर्यादा घातल्या होत्या. आयातीचा परवाना हे मोठे घबाड होते आणि तो मिळविण्यासाठी देशी चित्रपट काढून दाखवावे लागत. सहनिर्मितीस मात्र देशी चित्रपटाचा मान मिळे. मग काय विचारता! हाँगकाँगचा तयार चित्रपट घ्यायचा, त्यात एखाद्या कोरियन नटाची चार दृश्ये घुसडायची, श्रेयनामावलीत एक कोरियन दिग्दर्शक बसवायचा आणि कागदोपत्री ‘सहनिर्मिती’ म्हणून नोंद करायची. कोरियात यास ‘बतावणीची भागीदारी’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. परिणाम असा, की कोरियन दप्तरात जो चित्रपट कोरियाचा म्हणून नोंदलेला आहे, त्याच्या हाँगकाँगच्या प्रतीत कोरियाचे नावही नसते. दोन दिग्दर्शक ही खूण मी वर सांगितली, पण ती डोळे झाकून वापरू नये, हे यावरून ध्यानात येईल. दोन्ही देशांच्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. कोरियन नट केवळ कोरियन प्रतीत असतील, तर संशयास जागा आहे. दोन्ही प्रतींत कथेच्या गाभ्याशी असतील, तर भागीदारी बहुधा खरी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘ड्रंकन मास्टर’ या १९७८ सालच्या चित्रपटात जॅकी चॅनला सळो की पळो करणारा खलनायक ह्वांग जांग-ली हा कोरियन वंशाचा. त्याच्या लाथांची कीर्ती एवढी, की त्या काळच्या हाँगकाँगच्या कित्येक चित्रपटांत तो दिसतो. ‘हॅपकिडो’मध्ये त्या नावाच्या कोरियन युद्धकलेचे आचार्य जी हान-जे स्वतः अवतरले आहेत. हे चित्रपट हाँगकाँगचेच. कसब कोरियाचे होते, दुकान हाँगकाँगचे.

आंधळा आणि थोटा

आता आरंभी उल्लेखिलेल्या त्या जपानी-हाँगकाँग चित्रपटाकडे परत येतो, कारण सहनिर्मितीचे सारे सुखदुःख त्यात एकवटलेले आहे. १९६७ साली चाँग चेह यांनी शॉ बंधूंसाठी ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ काढला आणि थोटा तलवारबहाद्दर रंगविणारा जिमी वाँग यू रातोरात प्रसिद्धीस आला. १९७० साली शॉ बंधूंचे एक वरिष्ठ अधिकारी रेमंड चाओ बाहेर पडले आणि त्यांनी ‘गोल्डन हार्वेस्ट’ स्थापन केली. वाँग यू यानेही जुने घर सोडले. नव्या संस्थेला शॉ बंधूंच्या चित्रगृहांशी टक्कर द्यायची होती आणि त्यासाठी बाहेरचा सखा हवा होता. काट्सु यांना आपल्या जुन्या मालिकेत नवे रक्त हवे होते. आंधळा आणि थोटा यांना एकत्र आणण्याची कल्पना दोघांनाही पटली. थोटा वीर ही आमची मिळकत आहे, असे म्हणत शॉ बंधूंनी न्यायालयात धाव घेतली, ती गोष्ट निराळी.

चित्रपटाची कथा मोठी मार्मिक आहे. एक चिनी योद्धा जपानात येतो. एका चिनी बालकाच्या मातापित्यांची सामुराइ निर्घृणपणे हत्या करतात आणि हा योद्धा त्या मुलाचा पाठीराखा होतो. झातोइची त्यांना साहाय्य करू पाहतो. परंतु एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. चांगल्या हेतूने केलेली कृती दगलबाजी वाटू लागते, गैरसमज वाढत जातात आणि ज्यांनी मित्र व्हावयाचे, ते दोघे अखेर एकमेकांवर तलवार उपसून उभे राहतात. मरणारा मरताना जे बोलतो, त्याचा उलगडा व्हावा तसा होत नाही. दोन देशांच्या कंपन्यांनी मिळून काढलेल्या चित्रपटाला याहून समर्पक कथा क्वचितच लाभली असेल.

दिग्दर्शक यासुदा किमियोशी. चिनी आवृत्तीच्या संदर्भात मात्र श्यू त्सेंग-हुंग यांचे नाव येते. येथेही तीच दोन नावे! आणि शेवटचे काय? दोघांपैकी एकाने पडलेच पाहिजे, पण कोणी? आज जगभर उपलब्ध असलेल्या जपानी आवृत्तीत झातोइची जिवंत राहतो. चिनी प्रेक्षकांसाठी वाँग यू विजयी होतो असा निराळा शेवट दाखविला गेला होता, असे जुने रसिक आणि अभ्यासक सांगत आले आहेत. पण ती आवृत्ती आज कोठे पाहावयास मिळत नाही. ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे म्हण आहे, तशी सहनिर्मित चित्रपटांची गत होते. जपानने आपली प्रत सांभाळली. चिनी प्रत सांभाळणे हे कोणा एकाचे कर्तव्य ठरले नाही.

पश्चिमेचे सोयरे

१९७३च्या कुंगफूच्या लाटेनंतर युरोप-अमेरिकेचे निर्माते हाँगकाँगच्या दारी रांग लावून उभे राहिले. येथे भागीदारी ओळखणे पुष्कळ सोपे आहे, कारण ती मिरविण्यासाठीच केलेली असे. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने आपला ड्रॅक्युला उचलून थेट चीनमध्ये नेला आणि शॉ बंधूंबरोबर १९७४ साली ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हँपायर्स’ काढला. पीटर कुशिंग यांचा वृद्ध प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आणि डेव्हिड चियांग याचे लढवय्ये भाऊ मिळून रक्तपिपासू भुतांवर तुटून पडतात. विनोदी वाटले तरी चित्रण मोठ्या कष्टाने झाले. इंग्रज दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर यांना चित्रणाबरोबरच आवाज टिपण्याची सवय. हाँगकाँगात मात्र मागाहून आवाज भरण्याची रीत असल्याने शॉ बंधूंच्या चित्रशाळा ध्वनिरोधक नव्हत्या. काही भाग चाँग चेह यांनी चित्रित केला, परंतु पाश्चात्त्य प्रतीत त्यांचे नाव नाही. अमेरिकेत हा चित्रपट पुढे कापूनकोपून निराळ्याच नावाने आला. एक सूक्ष्म प्रश्न येथे उपस्थित होतो. हाँगकाँग त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली होते आणि १९९७ पर्यंत राहिले. मग ही ‘आंतरराष्ट्रीय’ भागीदारी कशी? कायदेपंडितांनी वाद घालावा. रसिकाच्या दृष्टीने लंडन आणि हाँगकाँग ही दोन भिन्न जगे होती.

त्याच वर्षी इटलीच्या निर्मात्यांनी शॉ बंधूंच्या लो लिएह याला अमेरिकन नट ली व्हॅन क्लीफ याच्या जोडीला घोड्यावर बसवून ‘द स्ट्रेंजर अँड द गनफायटर’ काढला. १९७५ साली वॉर्नर आणि शॉ यांचा ‘क्लिओपात्रा जोन्स अँड द कसीनो ऑफ गोल्ड’ आला. या साऱ्यांत मला ‘द मॅन फ्रॉम हाँगकाँग’ अधिक उजवा वाटतो. गोल्डन हार्वेस्ट आणि ऑस्ट्रेलियन निर्माते यांचा हा १९७५ सालचा उद्योग. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड तांबड्या खडकाच्या सान्निध्यात आरंभीची हाणामारी घडते, आणि पूर्वी जेम्स बाँड झालेला जॉर्ज लेझनबी खलनायक म्हणून वाँग यू याच्यासमोर उभा राहतो. दोन्ही देशांना आपापल्या प्रेक्षकांना दाखवावयाचे होते, ते दोन्ही त्यात ठासून भरले आहे.

आवृत्त्यांतील भेद ‘एंटर द ड्रॅगन’मध्येही आहे. शाओलिनचा वृद्ध मठाधिपती नायकाला युद्धकलेचे मर्म विचारतो, तो संवाद अमेरिकन प्रतीतून गाळला गेला होता आणि पंचविसाव्या वर्षी काढलेल्या आवृत्तीत तो पुन्हा घालण्यात आला. हान हा खलनायक रंगविणारे शिह किएन यांचा इंग्रजी आवाजही त्यांचा नव्हे. तो कीय ल्यूक या नटाने दिलेला आहे.

तैवानचा प्रश्न मी थोडक्यात सोडतो, कारण तेथे माणसे आणि पैसा हाँगकाँगशी इतकी येजा करीत की रेषा ओढणे कठीण. किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ तैवानच्या संस्थेचा आहे, आणि १९७५ साली कानमध्ये तंत्रकौशल्यासाठी त्याचा गौरव झाला. तरीही कित्येक याद्या त्यास हाँगकाँगचा ठरवितात.

१९८०च्या दशकातील एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. हाँगकाँगच्या काही लहान संस्थांनी कोरिया, थायलंड, फिलिपीन्स येथील चित्रपट स्वस्तात घेतले, त्यांत गोऱ्या नटांची नवी निन्जादृश्ये जोडली, सारे इंग्रजीत बोलविले आणि नवा चित्रपट म्हणून जगभर विकले. १९८५चा ‘निन्जा टर्मिनेटर’ हा त्यांतील प्रसिद्ध मासला. त्याचा मोठा भाग एका कोरियन चित्रपटाचा आहे. अशा चित्रपटांना आदराने ‘सहनिर्मिती’ म्हणणे म्हणजे गोधडीला दोन विणकरांचा शालू म्हणण्यासारखे आहे. ज्या कोरियन दिग्दर्शकाची मूळ कृती फाडून ती शिवली, त्याला कोणी विचारलेही नसावे.

आज राष्ट्राराष्ट्रांत रीतसर करार होतात. भारत आणि चीन यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये असा करार केला. करारानुसार मान्यता मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी मानला जातो आणि भागीदारी ठरविण्यास एक कागद हाती असतो. १९६० किंवा १९७० सालच्या हाँगकाँगात असले सरकारी कागद नव्हते. होते ते कंपन्यांचे खासगी करार, जाहिराती, नामावल्या आणि प्रती. म्हणून या शोधात जुन्या प्रतींचे महत्त्व मोठे. २००१ साली हाँगकाँगच्या चित्रपट संग्रहालयाची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. शॉ बंधूंच्या सुमारे ७६० चित्रपटांचे हक्क २००० साली एका नव्या कंपनीने घेतले आणि पुष्कळ चित्रपट स्वच्छ करून पुन्हा लोकांसमोर आणले. कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयानेही परदेशी गोदामांत आपले हरवलेले चित्रपट धुंडाळण्याचा ध्यास घेतला.

त्या शोधात हाती लागलेला एक चित्रपट युद्धकलेचा नाही, प्रेमकथेचा आहे. तरी त्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. १९५७-५८च्या सुमारास कोरिया आणि शॉ बंधू यांनी मिळून एक रंगीत चित्रपट काढला होता. इंग्रजीत त्याचे नाव ‘लव्ह विथ अॅन एलियन’. कोरियन नायक, हाँगकाँगची नायिका. दिग्दर्शक एक कोरियन, एक चिनी आणि तिसरा जपानी. छायालेखक आपले निशिमोतो. त्या काळी कोरियात जपानी कलाकृतींना मज्जाव होता, आणि तो १९९८ नंतर टप्प्याटप्प्याने उठला. त्यामुळे जपानी सहभागाचा गाजावाजा होणे शक्यच नव्हते. कोरियात हा चित्रपट नष्ट झाला असेच सारे धरून चालले होते. अर्धशतकानंतर त्याची प्रत शॉ बंधूंच्या संग्रहात मिळाली. कोरियाच्या उपलब्ध रंगीत कथापटांत तो सर्वांत जुना मानला जातो. चित्रे होती, पण आवाज नाहीसा झालेला होता. संग्रहालयाने चित्रे स्वच्छ केली आणि मग पडद्यापुढे नट व वादक उभे करून, मूकपटाच्या दिवसांप्रमाणे, प्रत्यक्ष बोलून आणि वाजवून तो चित्रपट लोकांना दाखविला.